वार्निशाखालचा अंगठा

नोकरीत असताना मी बऱ्याच वस्तू चाटल्या आहेत. शिवणयंत्राचे लोखंडी पाय, कागदाची रिमं, आणि एकदा तर बोरिवलीच्या एका दंतवैद्याने मागवलेला दाढांचा साचा. हे वाचून दचकू नका. मी विमा कंपनीचा सर्व्हेयर होतो. परदेशातून बोटीने आलेला माल बिघडलेला निघाला की तो तपासायला मला पाठवत. मालाला ओल लागली असेल तर ती समुद्राच्या पाण्याची की गोदामातल्या गळक्या नळाची, हे मी ठरवायचं. त्यासाठी एक औषध मिळतं. त्याचा थेंब टाकला की खारं पाणी दुधासारखं पांढरं होतं. पण औषधाची बाटली नेमकी मुलुंडला घरी राहायची. जीभ मात्र कायम बरोबर असायची.

कामाचं तत्त्व अगदी साधं. खोका बंद होण्याआधी जे बिघडलं ते कारखान्याचं पाप. खोका उघडल्यावर जे बिघडलं ते गिऱ्हाइकाचं. मधल्या प्रवासात जे बिघडलं तेवढंच विम्याचं. अडचण एकच, गिऱ्हाइकाच्या मते सगळं नेहमी प्रवासातच बिघडलेलं असतं. घाटकोपरच्या एका शेटजींकडे बत्तीस नगांचा डिनर सेट फुटून आला होता. मी सतरंजीवर मांडी घालून दुपारभर तुकडे जुळवले, तर नग भरले पस्तीस, आणि त्यातल्या तीन बशांवर निळ्या मोराऐवजी गुलाब होते. "बोटीवर शेजारच्या खोक्यातून आल्या असतील," शेटजी शांतपणे म्हणाले. आत शेठाणी पदर तोंडाला लावून हसत होत्या.

अशा कामाने माणसाची नजर बिघडते. मुलगी बघायला गेलो तेव्हा समोर आलेल्या कपाला टवका होता. मी भावी सासऱ्यांना सांगितलं, "हा आत्ताचा नाही, जुना आहे. बघा, कडा गुळगुळीत झाल्यात." तरीही लग्न झालं, हा माझ्या सासऱ्यांचा मोठेपणा.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट गिटारची. सत्तावन्न साल असेल, फार तर अठ्ठावन्न. साहेबांनी कागद पुढे केला. मुंबईच्या कोट भागातल्या एका वाद्यांच्या दुकानाने परदेशातून विजेवर चालणारी गिटार मागवली होती, अतिशय भारी. ती अंधेरीच्या एका वादकाने घेतली आणि चारच दिवसांत तक्रार केली की वरच्या रंगावर डाग आहे. दुकान म्हणत होतं, डाग असलाच तर वाटेत पडला असेल, विम्याने भरून द्यावं.

"बापट, एवढंच बघायचं," साहेब म्हणाले, "वाटेत झालंय की नाही. दुसरं काही नको."

हे शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

मंगळवारी सकाळी अंधेरी स्टेशनबाहेर घोडागाडी केली आणि गावठाणात पोचलो. कौलारू घर, दारात क्रूस, अंगणात कोंबड्या. घर विचारावं लागलं नाही, कारण निम्मं गावठाण त्याच अंगणात उभं होतं. वादकाचं नाव लॉरेन्स. वय तिशीच्या आतबाहेर, उंच, लाजरा, हाताची बोटं सारखी कशावर तरी वाजत असलेली. गोरेगावच्या स्टुडिओत तो वाद्यवृंदात मागच्या ओळीत मेंडोलिन वाजवायचा. संगीतकाराने त्याला सांगितलं होतं, विजेची गिटार आण, तुला पुढच्या ओळीत बसवतो. त्या एका वाक्यावर लॉरेन्सने वर्षभर वाट पाहून ही गिटार मिळवली होती. शनिवारी तिचं पहिलं रेकॉर्डिंग होतं.

घरात त्याची आई होती, रोझाबाय. लाल लुगडं, कानांत जड सोनं, आणि समोरच्याचं तोलमाप काढणारे बारीक डोळे. दुकानातर्फे काणेकर नावाचे विक्रेते आधीच येऊन बसले होते. टाय, चापूनचोपून बसवलेले केस, मांडीवर फाइल.

लॉरेन्सने पेटी उघडली. आत मखमल आणि मखमलीत ती गिटार. कडेला काळीभोर आणि मध्याकडे येता येता पिकल्या हापूससारखी पिवळी. इतकी चकचकीत की माझा चेहरा तिच्यात दिसला. मी वही काढली आणि लगेच पहिला दोष पकडला.

"हिचं भोक कुठाय?"

"भोक नसतंच हिला, सर," लॉरेन्स म्हणाला. "आतून भरीव आहे."

"मग आवाज कुठून येतो?"

त्याला तेवढंच पाहिजे होतं. त्याने कोपऱ्यातल्या आवाज मोठा करणाऱ्या खोक्याला वायर जोडली. खोका परदेशातल्या कमी दाबाच्या विजेवर चालणारा, म्हणून रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून एक ट्रान्सफॉर्मर बसवून घेतला होता. तो आधी गुणगुणला, मग लॉरेन्सने तारांवरून एकदाच हात फिरवला. अंगणातल्या कोंबड्या उडून कौलावर बसल्या. माझ्या हातातली पेन्सिल पडली. वहीत लिहिलेलं 'भोक गहाळ' मी खोडून टाकलं.

"डाग दाखवा," मी म्हणालो.

डाग खालच्या कडेजवळ, पिवळ्या भागात होता. नीट उजेडात धरल्याशिवाय दिसत नव्हता, पण एकदा दिसला की मग दुसरं काही दिसत नव्हतं. तो एक अंगठा होता. आख्खा, ठसठशीत, रेघान्‌रेघ मोजता येईल असा माणसाच्या अंगठ्याचा ठसा. मधोमध आडवा वण, जुन्या जखमेचा असावा तसा.

"पहिल्यांदा कोणी पाहिला?"

"मीनीच," रोझाबाय म्हणाली. "पेटी उघडली, फादरनी पाणी शिंपडलं, सगले वाहवा करत होते. मी बोलले, लॉरी, ह्याला कोनी तरी हात लावलाय रे. हा बोलतो, मम्मी, तुझे डोले गेले. माजे डोले गेले!"

"मी रुमालाने पुसलं," लॉरेन्स म्हणाला. "मग वाफ देऊन पुसलं. जातच नाही. त्या रात्री मी जेवलो नाही सर. वर्षभर जिची वाट पाहिली, तिच्यावर आधीच कोणाचा तरी हात."

"आणि मग?"

मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. काणेकरांनी घसा साफ केला. "मग काय झालं ते मी सांगतो. ठशाच्या भोवती बघा." मी भिंग लावलं. ठशावर आणि त्याच्या भोवती, पावलीएवढ्या जागेत, बारीक बारीक ओरखडे होते.

"चुलीतली राख लावली," रोझाबाय ताठ मानेने म्हणाली. "थोडीशीच. मी राखेने घासते तर तांब्याचा टोप आरसा व्हतो."

"ऐकलंत?" काणेकर माझ्याकडे वळले. "राख! एवढी मोलाची वस्तू, आणि राख! साहेब, सरळ गोष्ट आहे. ह्यांच्या घरातल्या कोणाचा तरी तेलकट अंगठा लागला, तो काढायला ह्यांनी घासलं. आमचा संबंध नाही, बोटीचा नाही, कोणाचा नाही."

"माझ्या घरात कोणाचा अंगठा असा नाही," लॉरेन्सचा आवाज चढला. "तुम्ही मला खोटा म्हणता?"

"मी कुठे म्हणालो? अंगठा म्हणतोय."

इथे माझ्या अंगात आलं. रिपोर्टांवर मारायला कचेरीचा शिक्का आणि शाईचं पॅड माझ्या पिशवीत असायचंच. मी पॅड टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, "गिटारला ज्यांनी ज्यांनी हात लावला, त्यांनी पुढे या."

लॉरेन्सने ठसा दिला. रोझाबायने दिला. मग लक्षात आलं की एवढ्या दिवसांत गिटारला हात लावला नाही असा माणूस गावठाणात उरलाच नव्हता. दारापासून रांग लागली. ज्यांनी हात लावला नव्हता तेही रांगेत शिरले, कारण पुढे कधी वगळलं असं व्हायला नको. एका म्हातारबाबांना वाटलं रेशनकार्डाचं काम चाललंय. त्यांनी घरातली सहा माणसं सांगितली. शेवटी रोझाबाय काणेकरांकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्याचा पण घ्या. ह्यानेच पेटी उघडून दाखवली दुकानात." काणेकरांनी टाय सावरला, कंपनीच्या प्रतिष्ठेबद्दल काही बोलले आणि अंगणाकडे पाहिलं. अंगण त्यांच्याकडेच पाहत होतं. त्यांनी अंगठा दिला.

एकाच्याही अंगठ्यावर आडवा वण नव्हता. आणि रोझाबायच्या अंगठ्याला तर रेघाच नव्हत्या. आयुष्यभर मासळी साफ करून आणि पाट्यावर मसाला वाटून तो इतका झिजला होता की कागदावर नुसता निळा गोळा उमटला.

मी पुन्हा भिंग घेऊन गिटारवर वाकलो. आणि मग मला जे दिसलं, त्या क्षणाचा मला अजून अभिमान आहे. राखेचे ओरखडे ठशावरून आडवेतिडवे गेले होते, पण ठशाची एकही रेघ तुटली नव्हती. काचेला बाहेरून चरे पडावेत आणि आतलं चित्र तसंच राहावं, तसं. मी नख फिरवून पाहिलं. ओरखडे नखाला लागत होते, ठसा लागत नव्हता. ठसा वार्निशाच्या खाली होता. रंग ओला असताना कारखान्यात कोणीतरी तिथे अंगठा टेकवला होता आणि कोणाच्या लक्षात यायच्या आत त्यावर वार्निशाचा थर चढला होता.

मी सरळ उभा राहिलो. "रोझाबाय, तुम्ही राखेने घासलं नसतं तर हे कळलं नसतं," असं म्हणून सगळ्यांना समजावून सांगितलं. अंगणात टाळ्या पडल्या. रोझाबायने मुलाकडे असं पाहिलं की तो बिचारा जमिनीकडे बघायला लागला. मला वाइनचा पेला आणि केळीच्या पानात बांधलेली तळलेली सुरमई मिळाली. वाइन मी नम्रपणे नाकारली. सुरमई मुलुंडला पोचली नाही, एवढंच सांगतो.

बुधवारी रिपोर्ट लिहिला. नुकसान वाटेत झालेलं नाही, सबब विमा लागू नाही. इथे थांबायचं होतं. पण एवढा शोध लावल्यावर थांबवेना. मी आणखी एक परिच्छेद लिहिला: ठसा वार्निशाखालचा आहे, दोष निःसंशय कारखान्याचा आहे. सही, शिक्का. एक प्रत दुकानाला.

शुक्रवारी सकाळी लॉरेन्स आमच्या कचेरीत आला. डोळे लाल, शर्टाची बटणं वरखाली लावलेली.

"सर, डाग नाही."

"काय?"

"गिटारवर डाग नाही. मी पुन्हा बघितलं. तुम्ही लिहा, डाग नाही."

मला वाटलं त्याला ताप आहे. पाणी दिल्यावर सगळं कळलं. माझा रिपोर्ट वाचून दुकानाच्या मालकांनी फर्मान काढलं होतं. दोष कारखान्याचा ठरला आहे, तर नियमाप्रमाणे गिटार परत घ्यायची, बोटीने परत पाठवायची, आणि तिकडून बदली येईपर्यंत थांबायचं. किती? आठ महिने, कदाचित वर्ष. आदल्या दिवशी काणेकर हमाल घेऊन गिटार न्यायला आले होते.

"मग दिली?"

"मम्मी पेटीवर बसली आहे," लॉरेन्स म्हणाला. "कालपासून."

"तू दुकानाला सांग, मला तक्रार नाही म्हणून."

"सांगितलं. मालक म्हणतात, तक्रार मागे घ्यायची तर लिहून दे, की डाग आमच्या घरी पडला. मी कसा लिहू सर? सगळ्यांसमोर मी बोललो, माझ्या घरातल्या कोणाचा अंगठा नाही. तुम्हीच सिद्ध केलंत. आता मी खोटा आहे असं मीच लिहून देऊ?"

मी साहेबांकडे गेलो. त्यांनी माझा रिपोर्ट मागवला, दुसरा परिच्छेद दोनदा वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हा तुम्हाला कोणी विचारला होता?"

मी टेबलावरचा रिपोर्ट उचलला.

"अर्धी रजा टाका," ते म्हणाले, "आणि काय ते निस्तरा. कंपनीचं नाव मधे नको."

दुपारी आम्ही अंधेरीला पोचलो. रोझाबाय खरोखरच पेटीवर बसली होती, मांडीवर सुपात मिरच्या निवडत. काणेकर समोर खुर्चीत, पुन्हा टाय, पुन्हा फाइल. पण तेही थकलेले दिसले. हळूच मला बाजूला घेऊन म्हणाले, "बापट, मला काय हौस आहे का हो? मुलगा चांगला आहे. पण मालकांना एक तर गिटार पाहिजे, नाही तर कागद. कारखान्याचा दोष असलेला माल आम्ही माहीत असून गिऱ्हाइकाकडे ठेवला असं व्हायला नको. तुम्हीच लिहून ठेवलंय ना, निःसंशय!"

तो शब्द माझाच होता. मला तो आवडला म्हणून घातला होता.

मी लॉरेन्सला समजावलं. काणेकरांनी समजावलं. "अरे, एक ओळ लिही. कोण वाचतंय?" तो ऐकेना. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "गिटार जाऊ दे," म्हणाला. "मेंडोलिन आहे. मागच्या ओळीत बसेन." हे म्हणताना त्याची बोटं मात्र पँटवर काहीतरी वाजवत होती.

रोझाबायने मिरच्या बाजूला ठेवल्या.

"बापटसायब, तुमी लिवा," ती म्हणाली. "लिवा, तो आंगठा माजा हाय."

"मम्मी!"

"गप ऱ्हा. लॉरीला खोटं बोलायचं नाय, नको बोलू. मी कुटं बोलले व्हते माजा नाय म्हनून? मला कोनी इचारलंच नव्हतं. नुसती शाई लावलीत." मग माझ्याकडे वळून, "लिवा, रोझाबाय बोलते, पेटी उघडली तवा मी हात लावला, माज्या हाताला तेल व्हतं."

"पण रोझाबाय, तो ठसा वार्निशाच्या..." मी सुरुवात केली.

"तुमाला लिवायला येतंय ना?"

मी लिहिलं. सरळ, दोन ओळी. तिला सही येत नव्हती, म्हणून पिशवीतून पुन्हा पॅड काढलं. तिने अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. मंगळवारसारखाच नुसता निळा गोळा उमटला, एक रेघ नाही. काणेकरांनी कागद हातात घेतला. तो गोळा पाहिला. मग रोझाबाय उठली, तेव्हा पेटी उघडून गिटारवरचा तो ठसठशीत, वण पडलेला अंगठा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"साक्षीदार लागेल," ते म्हणाले.

एकतीस वर्षांच्या नोकरीत मी सही करून खोटं लिहिलं ते एवढं एकदाच. 'अंगठा माझ्यासमोर दिला' अशी साक्ष होती, म्हणजे शब्दशः ती खरीच होती. पण मी कशावर सही करतोय हे मला ठाऊक होतं. काणेकरांनी दुसरी सही केली, कागद फाइलमध्ये घातला आणि टाय सैल केला. मग रोझाबायने आम्हा दोघांना जेवायला वाढलं. लॉरेन्स जेवायला बसला नाही. आत गिटार वाजवत होता. आईशी दोन दिवस बोलला नाही, असं नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी मात्र त्याला बोलावंच लागलं, कारण रेकॉर्डिंग पार पडलं होतं, संगीतकाराने पाठीवर थाप दिली होती, आणि ही बातमी आईला सांगितल्याशिवाय कोणाला राहवतं?

तो चित्रपट आठवडाभरही चालला नाही. पण लॉरेन्स पुढच्या ओळीत बसला तो बसलाच. मी निवृत्त होईपर्यंत नाताळात त्याच्याकडून डब्यातून केक यायचा. तो मात्र मी मुद्दाम कधी तपासून पाहिला नाही.

गेल्या वर्षी त्या बाजूला काम होतं म्हणून सहज डोकावलो. गावठाणाभोवती इमारती झाल्या आहेत, पण घर आहे. रोझाबाय जाऊन फार वर्षं झाली. लॉरेन्सला आता ऐकू कमी येतं. तो आत झोपला होता. त्याची मुलगी सिल्व्हिया गिटार शिकवते. तिने मला बसवलं, चहा दिला आणि भिंतीवरची गिटार उतरवून दाखवली. पिवळा रंग थोडा तांबूस झाला आहे. तिने ती उजेडाकडे तिरकी धरली.

"हे बघा अंकल. हा माझ्या आजीचा अंगठा आहे. पप्पा वाजवायला बसायच्या आधी रोज ह्यावर बोट ठेवायचे. अजून ठेवतात."

मी वाकून पाहिलं. आडवा वण तसाच होता, स्पष्ट. सातासमुद्रापलीकडच्या कोण्या कारागिराचा, ज्याला आपण काय करून बसलो हे कधी कळलं नसेल.

"लोक म्हणतात, असं कसं, हे तर आतमध्ये आहे," सिल्व्हिया म्हणाली. "पण पप्पांकडे कागद आहे म्हणे कुठेतरी. तुम्ही ओळखत होतात ना आजीला?"

"हो," मी म्हणालो. "तिने अंगठा दिला तेव्हा मी समोरच होतो."